रुखवतावरील काळी बाटली

या मासिकाच्या पानावर बिअरचे नाव वाचून कित्येक घरांतील वडील मंडळी चष्मा सावरतील, आणि त्यांचे तसे करणे अगदी रास्त होय. आमच्या घरी हा विषय प्रथम निघाला तेव्हा आम्हीही चष्मा सावरला होता. परंतु २०२३ च्या चैत्रात अमळनेरास आमच्या गच्चीवर जे बोलणे सुरू झाले आणि आषाढात अमेरिकेतील पोर्टलंड शहरी जे संपले, ते सुविद्य कुटुंबांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते. कारण ज्या घरांतील मुले परदेशी आहेत, अशा पुष्कळ घरांत आज ना उद्या हेच बोलणे निघणार आहे.

आमच्या पुतणीचे लग्न वैशाखात ठरले होते. घरात लग्न निघाले म्हणजे खानदेशात पहिली गडबड गच्चीवर सुरू होते. कुरडया, पापड, बिबडे, शेवया यांच्याशिवाय रुखवत कसले? त्यातही कुरडई म्हणजे सोपे काम नव्हे. गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि रोज पाणी बदलावे लागते. तिसऱ्या दिवशी गव्हास एक आंबूस वास येऊ लागतो. तो किती यावा आणि कोठे थांबवावा, हे ज्यास कळले त्यास कुरडई कळली. मग गहू वाटून, फडक्यातून पिळून, कोंडा निराळा करून पांढरा चीक काढावयाचा. तो रात्रभर निवळू द्यावयाचा. वरचे पाणी अलगद ओतून टाकावयाचे. आणि पहाटे मिठाहिंगाच्या आधणात, गाठी होऊ न देता, घोटून शिजवावयाचा. ऊन चढण्यापूर्वी सोऱ्यातून कुरडया घालून व्हाव्या लागतात. गरम चिकाची वाटी मिळावी म्हणून मुले पहाटेस न उठविता उठतात. ज्वारीच्या बिबड्यांची तऱ्हाही अशीच. ज्वारी भिजवून आंबवावयाची, तिचे पीठ तीळ-जिरे घालून शिजवावयाचे, आणि ओल्या कापडावर हाताने थापून वाळवावयाचे.

या सर्व खटाटोपावर आमच्या आत्याबाईंची देखरेख असते. त्यांस घरातील लहानथोर आक्का म्हणतात. त्या वेळी त्यांस पंचाऐंशीवे वर्ष लागले होते. चुलीपाशी बसणे त्यांस झेपत नाही. पण पातेले जवळ नेले की नुसत्या वासावरून "आज नको, उद्या सकाळी वाटा" असे त्या सांगतात, आणि ते चुकल्याचे आमच्या स्मरणात नाही.

पोर्टलंडास असलेल्या आमच्या पुतण्याचा, म्हणजे वधूच्या थोरल्या भावाचा, फोन याच गडबडीत आला. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. फोनच्या पडद्यावर त्याने गच्ची पाहिली, खाटेवरील कुरडया पाहिल्या, आणि म्हणाला, "आक्का, धाकटीच्या रुखवतात तुम्हां सगळ्यांच्या हातचं काहीतरी आहे. माझ्या हातचं काय?" वधूवर दोघेही नोकरीनिमित्त पोर्टलंडासच राहणार असल्यामुळे तेथील स्नेह्यांसाठी जुलैच्या प्रारंभी एक स्वागतसमारंभ करावयाचे ठरले होते, आणि तेथेही रुखवत मांडावयाचे होते. पुढे तो जरा अडखळत म्हणाला, "मला एकच गोष्ट हाताने चांगली करता येते. मी घरी बिअर करतो. काळी, कडू. तीच करावी म्हणतो."

गच्चीवर कोणी काही बोलले नाही. आमच्या वहिनींनी सोऱ्या खाली ठेवला.

येथे थोडे थांबून हा काय प्रकार आहे ते सांगणे प्राप्त आहे. बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेल्या जवाचा आंबविलेला काढा. त्यास कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांनी. ही वेल भांगेच्या कुळातील आहे. तिच्या मादीवेलीस हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडे येतात आणि त्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. बव्हेरियात १५१६ सालच्या एका राजाज्ञेने बिअर केवळ जव, हॉप्स आणि पाणी यांचीच करावी असे ठरविले. त्या आज्ञेत यीस्टचे, अर्थात किण्वाचे, नावही नाही, कारण फेस कशामुळे येतो हे तेव्हा कोणास ठाऊकच नव्हते. ते कोडे पुढे पाश्चरने सोडविले. बिअरवरील त्याचा ग्रंथ १८७६ साली निघाला. त्यानंतर १८९७ साली बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत पेशींवाचून नुसत्या यीस्टच्या रसानेही साखरेचे मद्यार्क होते हे दाखविले, आणि त्यास १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही रसायनशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविले. हा धडा शेकडो वेळा शिकविला. पण त्याचा पाट एक दिवस आपल्याच घरी मांडावा लागेल असे स्वप्नातही आले नव्हते.

या कडू बिअरचा आणि हिंदुस्थानचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील बो येथील हॉजसन नावाचा कारखानदार कंपनी सरकारच्या जहाजांवरून आपली बिअर कलकत्ता-मुंबईस पाठवीत असे. १८२२ नंतर बर्टन गावचे कारखाने त्याच्या स्पर्धेत उतरले. हॉप्सच्या कडवटपणात नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस रोखण्याचा गुण असल्यामुळे जास्त हॉप्स घातलेली फिकट बिअर लांबच्या सागरप्रवासात टिके, आणि ती साहेब लोकांच्या मेजावर जाई. साध्या गोऱ्या शिपायांसाठी मात्र काळी पोर्टर येई, हे पुष्कळ जण विसरतात. काळा रंग येतो तो जवाचे दाणे कॉफीप्रमाणे जवळजवळ जाळून. त्यासाठी डॅनियल व्हीलर याने १८१७ साली फिरत्या पिंपाची भट्टी काढली. पुढे १८५५ च्या सुमारास कसौलीस डोंगरात एडवर्ड डायर याने बिअरचा कारखाना घातला. अमृतसरच्या १९१९ सालच्या हत्याकांडातील जनरल डायर हा त्याचाच मुलगा. आता आपल्या देशातही हॉप्सची लागवड हिमाचलातील लाहौल खोऱ्यात होते. काळा रंग आणि फिकट बिअरचा कडवटपणा यांचा संगम करण्याची टूम मात्र अगदी अलीकडची, १९९० च्या आसपास अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात निघालेली. आणि ती पोर्टलंडकडील डोंगराळ मुलखात विशेष रुजली, कारण हॉप्सचे मळे तिकडेच आहेत. कॅस्केड नावाची प्रसिद्ध जात ओरेगॉन प्रांतातच तयार होऊन १९७२ साली प्रचारात आली.

आमचे बंधू कायद्याचे जाणते. त्यांचा पहिला प्रश्न, हे कायदेशीर आहे काय, हा होता. अमळनेरास नाही, हे त्यांचे त्यांनीच सांगितले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि नाव बदलून तोच आज महाराष्ट्रात चालू आहे. परवान्यावाचून घरी बिअर गाळणे हा त्याखाली गुन्हा होय, मग ती विकण्यासाठी असो वा लग्नासाठी. अमेरिकेची गोष्ट निराळी. तेथे १९३३ साली राष्ट्रव्यापी दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला संघराज्याची मोकळीक मिळण्यास १९७८ साल उजाडले. अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या त्या कायद्याप्रमाणे दोन प्रौढ माणसांच्या घरास वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, बिअर करता येते. विकता मात्र येत नाही. पण घरी केलेली बिअर घराबाहेर, एखाद्या सभागृहात, पाहुण्यांस देता येते काय? यावर २०१० साली ओरेगॉनात मोठा घोळ झाला होता, आणि २०११ साली कायदा दुरुस्त करून ती मुभा स्पष्ट करण्यात आली. पुतण्याने हे सर्व आधीच वाचून ठेवले होते. तेव्हा कायद्याची वाट मोकळी होती, राहिली घराची.

रात्री जेवणानंतर बैठक झाली. आम्ही अर्थातच विरोधी पक्षात होतो. आम्ही कचाची कथा काढली. असुरांनी कचास मारून, त्याची राख मद्यात कालवून ती शुक्राचार्यांस पाजली, आणि शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी, यापुढे जो ब्राह्मण मद्य घेईल त्यास ब्रह्महत्येचे पातक लागेल, असे ठरवून टाकले, ही महाभारतातील कथा. खाडिलकरांनी तिच्यावरच १९१३ साली 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले. आम्ही पुढे १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेत दारूच्या दुकानांस विरोध करणारे जोतीराव फुले सांगितले, १९०८ साली त्याच पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन उभे करणारे टिळक सांगितले, आणि १९१९ साली गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेला 'एकच प्याला' सांगितला. जी गोष्ट फुले आणि टिळक या दोघांनाही सारखीच त्याज्य वाटली, तिच्याविरुद्ध आणखी पुरावा कशास हवा, असा आमचा बिनतोड मुद्दा होता.

बंधू म्हणाले, "मग आक्कांच्या फडताळातली बाटली कसली?" ती दशमूलारिष्टाची होती. हा टोला आम्हांस लागला, हे मान्य केले पाहिजे. आसवे आणि अरिष्टे ही आंबवूनच होतात. काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून, मडक्याचे तोंड कापडमातीने बंद करून महिनाभर ठेवावयाचे. फुलांबरोबर आलेले यीस्ट गुळाचे मद्यार्क करते. ते शेकडा पाच ते दहापर्यंत, म्हणजे बिअरइतके किंवा तीहून काकणभर अधिकच, भरते. चरकाने चौऱ्याऐंशी आसवे मोजली आहेत, आणि त्याच ग्रंथात मद्याने होणाऱ्या मदात्यय रोगावर स्वतंत्र अध्यायही लिहिला आहे. दारूबंदी कायद्याविरुद्ध बलसारा यांचा खटला १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा कायदा बहुतांशी टिकला, पण मद्यार्कयुक्त औषधांवरील बंधने न्यायालयाने काढून टाकली. अरिष्टाचा चमचा आणि बिअरचा पेला यांत मात्रेचा फरक आहे, असे आम्ही उत्तर दिले. आणि ते खरेही आहे. पण आमचा आवाज पहिल्याइतका चढला नाही.

घरात असे वाद पूर्वीही झालेले आहेत. याच अमळनेरास १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, ज्यातून पुढे विप्रो ही जगप्रसिद्ध कंपनी वाढली. त्या वेळी लग्नाची जिलबी वनस्पतीत तळावी की नाही यावरून आमच्या आजोबांनी दोन दिवस अबोला धरला होता, असे वडील सांगत. पण तूप आणि दारू यांस एका तराजूत घालता येत नाही, हे आम्ही तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो.

इतका वेळ आक्का वाती वळीत बसल्या होत्या. त्या हात न थांबविता बोलू लागल्या.

त्यांचे यजमान दारूने गेले हे घरात सर्वांस ठाऊक होते, परंतु त्याविषयी कोणी बोलत नसे. आक्का अठ्ठावीस वर्षांच्या असताना, १९६६ साली, त्या कायमच्या माहेरी आल्या. तेव्हा दारूबंदी जारी होती; परंतु बंदी होती म्हणून गल्लीबोळांतील हातभट्टी बंद नव्हती. त्या रात्री त्यांनी जे सांगितले ते आम्ही प्रथमच ऐकले. यजमान लग्न झाले तेव्हा सुपारीही खात नसत. एका स्नेह्याच्या लग्नात वरातीच्या रात्री मित्रमंडळींनी पेला पुढे केला. त्यांनी एकदा नाही म्हटले, दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा कोणी मनगट धरले, कोणी शपथ घातली, कोणी म्हणाले, "नवऱ्याचा मान राखायचा नाही का?" पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा तो आग्रह झाला. पुढची चार वर्षे सांगण्याची गरज नाही. "सगळे म्हणतात दारूने नेलं," आक्का म्हणाल्या, "मला विचाराल तर आग्रहाने नेलं."

बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आक्कांनी पुतण्यास फोन लावावयास सांगितले, आणि आपल्या अटी सांगितल्या. रुखवतात बाटली ठेवावयाची असेल तर एकच, आणि ती उघडावयाची नाही. रुखवत पाहण्यासाठी असते. बाकीच्या बाटल्या जेवणापासून दूर निराळ्या मेजावर ठेवाव्यात. मुलांस आणि गाडी हाकणाऱ्यांस ती देऊ नये. आणि ज्याने एकदा नको म्हटले त्यास, तो कोणीही असो, दुसऱ्यांदा विचारू नये, अगदी थट्टेनेदेखील. "जेवणाचा आग्रह कर हवा तेवढा," त्या म्हणाल्या, "याचा नाही."

आमचे स्वतःचे मत आक्कांहून थोडे कडक आहे, आणि ते येथे नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. दोष केवळ आग्रहाचा नव्हे, द्रव्याचाही आहे. जागतिक संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य हे मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही असे जाहीर केले. हे पत्रक आम्ही पुतण्यास पाठविले. त्याने ते वाचले, खरे आहे म्हणून कळविले, आणि तरी बिअर करण्याचा बेत सोडला नाही. तीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या माणसाशी याहून अधिक काय करता येते हे आम्हांस सुचले नाही. आक्कांनी मात्र जे केले ते आम्हांस कधीच सुचले नसते. त्यांनी त्यास कसे करतोस, असे विचारले.

त्याने मार्चमध्ये एक घाणा करून पाहिला होता. एप्रिलच्या मध्यास त्याने बाटली उघडली, तर ती आंबट निघाली. हॉप्सचा कडवटपणा काही जंतूंस रोखतो हे खरे, पण त्यास न जुमानणारे दुग्धाम्लाचे जंतूही आहेत, आणि एकदा ते शिरले की सर्व श्रम वाया. भांडी त्याने जंतुनाशकाने धुतली होती, पाणी उकळले होते, यीस्टची पुडी ताजी होती. आम्ही रसायनशास्त्रज्ञ म्हणून तपमान विचारले, आम्लता विचारली. आक्कांनी विचारले, "एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात घेतोस कशाने?" तो म्हणाला, नळीने. "ती नळी आतून घासतोस कशी?" त्याने ती पडद्यासमोर धरली. चार हात लांब प्लॅस्टिकची नळी. आतून घासणे शक्यच नव्हते. उजेडाकडे धरली तेव्हा आत एक पुसट, दुधाळ थर दिसला. चिकाचे फडके दमट गुंडाळून ठेवले तर दुसऱ्या वर्षीचा चीक नासतो, हे आक्कांचे साठ वर्षांचे ज्ञान होते. त्या म्हणाल्या, "फडकं कडक उन्हात वाळवता येतं. तुझ्या नळीला आतून ऊन कसं लागणार? नवी घे."

वैशाखातील लग्न अमळनेरास यथासांग पार पडले. मठ्ठा, पन्हे, जिलबी, सर्व काही रीतीप्रमाणे झाले. पुतण्या आला, राबला, आणि डब्यात कुरडया भरून घेऊन परत गेला. मग २० मे रोजी, शनिवारी, त्याने खरा घाणा घातला. तेथील सकाळचे सात, येथील सायंकाळचे साडेसात. येथे दिवसा पारा चाळिशीपलीकडे गेलेला; आम्ही गच्चीवर पाणी शिंपून बसलो होतो, आणि मध्ये पाटावर फोन उभा केला होता.

त्याने एकोणीस लिटरांसाठी सुमारे सहा किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेले जव, भरड दळून घेतले होते. त्यांत तीनेकशे ग्रॅम कोळशासारखे काळे भाजलेले, पण टरफल काढलेले जव होते. टरफल काढल्याने रंग येतो आणि करपट तुरटपणा येत नाही. हे सर्व सहासष्ट-सदुसष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर झाकून ठेवले. मोड येताना दाण्यात जे पाचक द्रव्य तयार झालेले असते ते या उष्णतेत पिठाची साखर करते. आमच्या वहिनी म्हणाल्या, "हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच झालं, मोडामुळे गोडी." अगदी तेच. अधिक तापविले तर ते द्रव्य मरते, कमी तापविले तर काम अपुरे राहते. तासाभराने त्याने काळाभोर, गोड काढा गाळून घेतला. उरलेल्या चोथ्याचे काय करतोस, हे आक्कांनी विचारलेच. शेजाऱ्याच्या कोंबड्यांस घालतो, असे कळल्यावर त्यांचे समाधान झाले. आमच्याकडे कुरडईचा कोंडा गाईस जातो.

पुढे तासभर उकळणे. हॉप्स आरंभी घातले तर त्यांतील राळ उकळून कडवटपणा उतरतो, पण सुगंध उडून जातो. शेवटी घातले तर सुगंध राहतो, पण कडवटपणा येत नाही. म्हणून तो तीन वेळा हॉप्स घालतो आणि बिअर आंबून झाल्यावर पुन्हा थोडे कोरडेच टाकतो. सर्व मिळून एकशे ऐंशी ग्रॅम. वास कसा येतो, असे आम्ही विचारले. पपनसाची साल आणि देवदाराचा भुसा, असे तो म्हणाला. मग काढा झटकन वीस अंशांवर थंड करून, यीस्ट घालून, बंद करून ठेवला. त्यापूर्वी त्याने विशिष्ट गुरुत्व मोजले ते १.०६५ आले. दहा दिवसांनी ते १.०१४ वर आले. या दोहोंतील फरकावरून मद्यार्क शेकडा पावणेसात निघतो. बाजारी बिअरहून हे प्रमाण बरेच जास्त आहे, हे आम्ही त्यास ऐकविले. नंतर एकशे दहा ग्रॅम साखर मिसळून त्याने अठ्ठेचाळीस लहान बाटल्या भरल्या; त्या साखरेवर राहिलेले यीस्ट बंद बाटलीत फेस तयार करते. नळी नवी होती.

घाणा संपला तेव्हा येथे मध्यरात्र होत आली होती. आक्का तोपर्यंत जाग्या होत्या.

समारंभ १ जुलैस झाला. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. चातुर्मास लागला हे आक्कांनी बोलून दाखविले, पण स्वागतसमारंभास मुहूर्त पाहावा लागत नाही, असा निर्णय त्यांचा त्यांनीच दिला. छायाचित्रे रातोरात आली. रुखवताच्या मेजावर कुरडयांची चळत, बिबडे, वहिनींनी विणलेले तोरण, आणि त्यांच्यामध्ये एक काळी, सीलबंद बाटली. तिच्या गळ्यात लाल दोरा. बाकीच्या बाटल्या दाराशी निराळ्या मेजावर होत्या, आणि तेथे इंग्रजीत व मराठीत एक पाटी होती. इंग्रजीत चार ओळी होत्या. मराठीत दोनच शब्द, "आग्रह नाही." अमेरिकन पाहुण्यांपैकी पुष्कळांनी त्या शब्दांचा अर्थ विचारला असे कळले, पुतण्याने त्यांस काय सांगितले ते आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर हिशेब दिला. रुखवतातील एक तशीच राहिली, एकोणतीस उघडल्या, अठरा उरल्या. आंबट एकही नव्हती. वराच्या एका मित्राने नको म्हटले, तेव्हा दुसरा त्याचा हात धरून ओढू लागला. पुतण्याने पुढे होऊन तो हात सोडविला, आणि त्या मित्रास कोकमाचे सरबत दिले. कुरडया मात्र जेवणापूर्वीच संपल्या. तळावयास आणखी आहेत काय म्हणून लोक स्वयंपाकघरात डोकावत होते.

आक्कांनी बाटल्यांचा आकडा पुरता ऐकून घेतला. तो मित्र मग जेवला ना, हे विचारले. जेवला, असे पुतण्या म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि ती नळी वाळत घातलीस का?"